काळ्या अस्वलासाठी रायफल कोणती, काडतूस कोणतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ग्रीन कार्ड मिळून वर्ष झालं, ऑफिसातल्या मित्रांनी नोव्हेंबरात उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या पॉटर काउंटीत त्यांच्या कॅम्पवर अस्वलाच्या शिकारीला बोलावलंय. बंदूक हातात घेतली ती फक्त कॉलेजात, एनसीसीची .२२. आता एक मित्र म्हणतो .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅगनम, जास्त ताकदीचं काडतूस) घे, दुसरा म्हणतो .४५-७० शिवाय अस्वल पडत नाही, आणि दुकानदार ६.५ क्रीडमूर पुढे करतो. रायफल आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण मिळून हजार डॉलरची तयारी आहे. उंची पाच फूट चार इंच. घरी पाच वर्षांची मुलगी आहे, मांस घरी आणायचा विचार आहे आणि बंदूक घरात ठेवायची पत्नीला काळजी वाटते.

मी मूळचा वाईचा. गेली बावीस वर्षं लायकमिंग काउंटीत राहतो आणि इथे आल्यापासून जवळजवळ प्रत्येक हंगामात अस्वलाच्या हाक्याला गेलो आहे. माझ्या वाट्याला आजवर चार अस्वलं आली. पण साथीदारांनी पाडलेली तीस-पस्तीस तरी मी स्वतः सोलली, कापली आणि गोळी कुठून शिरून कुठे थांबली ते हाताने चाचपून पाहिलं. खाली जे लिहितो ते बहुतेक त्या सोलण्यातून शिकलेलं आहे.

तुम्हाला तिघांनी तीन काडतुसं सांगितली, कारण तिघेही 'अस्वल मारायला किती ताकद लागते' या प्रश्नाचं उत्तर देत होते. तुमचा प्रश्न वेगळा आहे. थंडीत, जाड कोट घालून, छाती धडधडत असताना, दाट झुडपात चार-पाच सेकंद दिसणाऱ्या जनावराच्या नेमक्या जागी तुमच्या हातून गोळी जाईल अशी रायफल कोणती? आणि ती गोळी केस, चरबी आणि हाड ओलांडून दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल का? या दोन प्रश्नांना धरून चाललं की निवड बरीच सोपी होते.

आधी कागदपत्रं. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्हाला रायफल विकत घेता येते. दुकानात केंद्र सरकारचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. हे वाचणाऱ्यांत कुणी एच-१बी किंवा तशाच व्हिसावर असेल तर थांबा. अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं केंद्रीय कायद्यानं मुळात मना आहे, आणि अपवादांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना. मित्राची रायफल 'जरा धरून बघणं'सुद्धा यात येतं, म्हणून परवान्याआधी हात लावू नका. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकार-शिक्षणाचा वर्ग पूर्ण करावा लागतो, आणि साध्या परवान्यावर अस्वलाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरातच उरका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. मेन राज्यात किंवा ओंटारिओत आमिष ठेवून शिकार करतात. तिथे मचाणावर बसून तीस-चाळीस यार्डांवर शांत उभ्या अस्वलावर बार टाकायचा असतो. ब्रिटिश कोलंबियात झाडं तोडलेल्या डोंगरउतारावर दुर्बिणीने शोधून दोनशे यार्डांवरूनही बार टाकतात. पेनसिल्व्हेनियात आमिष बेकायदा आहे. इथली मुख्य हंगामाची शिकार म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून चार दिवस, आणि कॅम्पवर ती बहुतेक हाक्याने होते. अर्धे लोक रांगेनं रान उठवत चालतात, अर्धे ठरलेल्या जागी उभे. तुम्ही नवखे, त्यामुळे तुम्हाला उभं करतील. समोर माउंटन लॉरेलची कमरेएवढी, कधी डोक्याएवढी सदाहरित जाळी असेल. त्यात अस्वल दिसतं ते वीस ते साठ यार्डांवर, बहुधा चालताना, आणि अर्धं झाकलेलं. तुम्ही ब्रिटिश कोलंबियात जाणार असता तर माझं उत्तर बदललं असतं. खालचं सगळं पॉटर काउंटी डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

अस्वलाचं शरीर समजलं तर काडतुसाची निवड आपोआप अर्धी होते. काळं अस्वल हाडापेरानं फार अवाढव्य नसतं. इथली मादी दीड-दोनशे पाउंडांची, नर तीनशे-चारशेचा, आणि पेनसिल्व्हेनियात सहाशेच्या वरचे नरही दर काही वर्षांनी निघतात. अडचण त्याच्या पांघरुणात आहे. हिवाळ्याच्या झोपेआधी ते दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत खातं. ओकची फळं भरपूर पिकली असतील तर नोव्हेंबरात पाठीवर आणि कुशीवर चार बोटं चरबी मी स्वतः मोजली आहे. तिच्यावर दाट केस. गोळी आत गेली की चरबी सरकून भोक बुजवते आणि जे रक्त येतं ते केस टीपकागदासारखे शोषून घेतात. हरणाचा माग रक्तावरून निघतो, अस्वलाचा पुष्कळदा शंभर यार्ड निघतच नाही. म्हणून आम्हाला दोन भोकं हवी असतात: एक शिरण्याचं आणि एक पलीकडून, शक्यतो खालच्या बाजूला, बाहेर पडण्याचं. खालच्या भोकातून रक्त जमिनीवर येतं. काडतूस निवडताना माझा पहिला निकष हाच.

हा निकष मला पुस्तकातून मिळालेला नाही. पहिल्या हंगामात मीही मोठं काडतूस घेऊन गेलो होतो. .३०० विन मॅग, उसनी, माझ्या खांद्याला लांब पडणारी. रेंजवर सात बार टाकले, खांदा सुजला आणि आठव्यापासून मी चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटायला लागलो. मला ते तेव्हा कळलंही नाही. हंगामाच्या दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस यार्डांवर अस्वल आडवं उभं राहिलं. मी बार टाकला आणि तो मागे, पोटात गेला. रक्ताचे तीन थेंब, मग काहीच नाही. आम्ही सहा जणांनी अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं. ते मिळालं नाही. त्या जनावराला झालेल्या त्रासाची जबाबदारी माझी होती, आणि ती आजही मला बोचते. पंचेचाळीस यार्डांवर त्या रायफलीची सगळी जास्तीची ताकद निरुपयोगी होती, कारण तिच्याच धक्क्यानं माझा नेम बिघडवला होता.

धक्क्याचे आकडे साधारण असे धरा. आठ पाउंडांच्या रायफलीत .३०-३० चा धक्का अकरा-बारा फूट-पाउंड, .३०८ चा सतरा-अठरा, .३०-०६ चा वीसच्या आसपास आणि .३०० विन मॅगचा पंचवीसच्या पुढे. नवख्या माणसाला वीसच्या वर गेलं की चाप ओढताना दचकण्याची सवय लागते, आणि ती लागायला दोन तास पुरतात, सुटायला दोन वर्षं. तुमच्या बांध्याच्या माणसाला हा फरक आणखी जाणवेल.

तर एकेक काडतूस घेऊ. .३०० विन मॅग १९६३ मध्ये आलं आणि लांबच्या एल्कसाठी, म्हणजे इथल्या मोठ्या हरणासाठी, ते उत्तम आहे. पॉटर काउंटीच्या झुडपात त्याचा एकही फायदा तुम्हाला मिळणार नाही. .४५-७० हे तर १८७३ चं लष्करी काडतूस. तीनशे-चारशे ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जाड गोळी, कमी वेग, जवळून जबरदस्त. तुमचा मित्र खोटं बोलत नाही, अस्वल त्याने पडतं. पण काडतुसं महाग, जोरदार भरलेल्या काडतुसाचा धक्का मॅगनमसारखाच, आणि महाग काडतुसाचा सराव माणूस करत नाही. चौथ्या-पाचव्या हंगामात तुम्हाला हौस वाटली तर जरूर घ्या.

६.५ क्रीडमूर २००७ चं. धक्का हलका, गोळी लांबोडी आणि खोल जाणारी. १४० ग्रेनच्या मजबूत गोळीने ते अस्वलाला पुरतं, दुकानदार चुकीचं सांगत नाही. माझी हरकत फक्त एवढीच की दुकानात त्याच्या पेट्यांपैकी पुष्कळशा निशाणेबाजीच्या किंवा लांब पल्ल्याच्या पातळ कवचाच्या गोळ्यांच्या असतात आणि नवखा माणूस नेमकी तीच उचलतो. .२४३ मी पहिल्या अस्वलासाठी कुणालाच सुचवत नाही. त्याने अस्वलं पडली आहेत, पण गोळी हलकी आणि खांद्याचं हाड मध्ये आलं तर चूक सावरायला जागा उरत नाही.

मग राहिली ती जुनी, साधी, या डोंगरात मुरलेली काडतुसं. .३०-३० हे १८९५ चं, १७० ग्रेनची बोथट गोळी सेकंदाला बावीसशे फुटांच्या आसपास. शंभर यार्डांच्या आत त्याने या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या अस्वलं मारली. .३५ रेमिंग्टन त्याचं जाडसर भावंड, इथल्या जुन्या लोकांचं लाडकं, पण काडतुसं आता सहज मिळत नाहीत. .३०-०६ हे १९०६ पासून सगळं करतं, १८० ग्रेनची गोळी सत्तावीसशे फुटांनी. आणि .३०८, १९५२ चं, त्याच जाडीची गोळी थोड्या कमी दारूत, लहान काडतुसात, कमी धक्क्यात. ७एमएम-०८ हे .३०८ चंच नळकांडं जरा आवळून केलेलं. धक्का आणखी हलका आणि १४० ग्रेनची गोळी अस्वलाला अगदी पुरेशी.

तुमच्यासाठी माझं मत: .३०८. ते मिळालं नाही किंवा रेंजवर टोचलं तर ७एमएम-०८. साठ यार्डांवर .३०८ आणि .३०० विन मॅग यांतला फरक अस्वलाला कळणार नाही, तुमच्या खांद्याला कळेल. शिवाय .३०८ च्या पेट्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. हंगामाच्या आदल्या दिवशी पेटी घरी विसरलात तर हे फार उपयोगी पडतं.

इथे एक शब्दांचा घोळ निस्तरतो, कारण तुमच्या प्रश्नात तो होता. आपण मराठीत काडतुसालाच गोळी म्हणतो. काडतूस म्हणजे पितळेचं नळकांडं, त्यातली दारू, बुडाची टोपी (हिच्यावर ठोका पडला की दारू पेटते) आणि पुढे बसवलेली गोळी, हे सगळं मिळून. जनावरात शिरते ती फक्त पुढची गोळी. .३०८ च्या पन्नास प्रकारच्या पेट्या मिळतात, त्या सगळ्यांत नळकांडं एकच आणि गोळी निराळी. लोक काडतुसाच्या आकड्यावर तासन्‌तास वाद घालतात आणि गोळी मात्र जी स्वस्त दिसेल ती उचलतात. माझ्या मते अस्वलाच्या शिकारीत सगळ्यात जास्त विचार करायची गोष्ट हीच आहे.

शिकारीची गोळी आत गेल्यावर छत्रीसारखी उमलली पाहिजे, म्हणजे जखम रुंद होते, आणि तरीही तिचं वजन टिकलं पाहिजे, म्हणजे ती पुढे जात राहते. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. लवकर उमललेली गोळी लवकर थांबते. साध्या गोळीत शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याचं पातळ कवच असतं. वेग जास्त आणि जनावर जवळ असेल तर कवच सोलून निघतं, शिसं विखुरतं आणि खांद्याच्या हाडावरच सगळं संपतं. मी सोललेल्या एका मोठ्या नरात नेमकं हेच दिसलं. पहिल्या बाराची गोळी खांद्यावर फुटून हाताच्या पंज्याएवढ्या उथळ खड्ड्यात पसरली होती, छातीपर्यंत पोहोचलीच नव्हती. ते पडलं ते दुसऱ्या माणसाच्या बाराने.

जॉन नॉस्लर या शिकाऱ्याला १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात हीच अडचण आली होती. चिखलाने माखलेल्या मूस नावाच्या प्रचंड हरणाच्या खांद्यावर त्याच्या वेगवान गोळ्या वरच्यावर फुटल्या. घरी येऊन त्याने कवचाच्या मध्यभागी आडवी भिंत असलेली गोळी बनवली. पुढचा अर्धा भाग उमलतो, मागचा भिंतीमुळे अखंड राहतो आणि पुढे घुसतो. ती 'पार्टिशन' नावाने १९४८ पासून विकली जाते आणि अस्वलावर आजही अप्रतिम चालते. नंतर शिसं कवचाला आतून चिकटवलेल्या, म्हणजे बॉन्डेड, गोळ्या आल्या. फेडरलची फ्यूजन हे त्यातलं परवडणारं नाव, नॉस्लरची अ‍ॅक्युबॉन्ड जरा महाग. १९८९ पासून बार्न्सच्या निखळ तांब्याच्या गोळ्या मिळू लागल्या, त्यांत शिसं नसतंच. टोकाला पोकळी असते, तिथून पाकळ्या उलगडतात आणि जवळजवळ सगळं वजन टिकतं.

रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून मिळते. ती ना बॉन्डेड ना तांब्याची, पण .३०-३० आणि .३०८ च्या मध्यम वेगात, जड वजनात ती आमच्या कॅम्पवर कधी दगा देताना मी पाहिली नाही. पैशाची अडचण असेल तर .३०८ मध्ये १८० ग्रेनची कोअर-लॉक्ट घेऊन निवांत जा. अडचण नसेल तर बॉन्डेड १६५ किंवा १८० ग्रेन, नाहीतर तांब्याची १५० ग्रेन. तांब्याला उमलायला वेग लागतो आणि वजन तर तिचं टिकतंच, म्हणून ती एक पायरी हलकी घ्यायची. पूर्ण धातूच्या कवचाची, न उमलणारी लष्करी पद्धतीची गोळी रेंजसाठी स्वस्त पडते, पण अस्वलाला ती वापरू नका. इथे मोठ्या जनावरांना उमलणारीच गोळी लागते, कायद्यानंही आणि माणुसकीनंही.

मुलीसाठी मांस आणायचं म्हणता, तर मी तुमच्या जागी तांब्याचीच घेईन. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात पसरतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, दाताखालीही येत नाहीत, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं सगळ्यात घातक. माझी मुलं लहान होती तेव्हापासून आमच्या घरात तांब्याशिवाय दुसरी गोळी वापरलेली नाही.

कुणी सांगेल की जाड, संथ गोळी फांद्या तोडत सरळ जाते. जात नाही. बोटभर फांदीला घासली की कुठलीही गोळी वळते, .४५-७० चीसुद्धा. फट शोधून बार टाकायचा, फट नसेल तर टाकायचा नाही.

आता रायफल. पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरांना सेमी-ऑटोमॅटिक चालत नाही, म्हणून हाताने काडतूस चढवायची रायफल घ्यायची: बोल्ट (मुठीचा खिट्टीसारखा दांडा मागे-पुढे करायची), लिव्हर (चापाखालची कडी खाली-वर करायची) किंवा पंप (पुढची मूठ मागे-पुढे करायची). इथल्या डोंगरात पंप रायफलीचं, विशेषतः १९५२ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ७६० चं, जे प्रेम आहे ते याच नियमामुळे. डावा हात पुढे-मागे केला की दुसरं काडतूस तयार, नेमावरून गाल न उचलता. हाक्यात ती फार सोयीची. जुनी चांगल्या स्थितीतली .३०८ किंवा .३०-०६ मध्ये मिळाली तर कॅम्पच्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. लिव्हरची .३०-३०, म्हणजे मार्लिन ३३६ किंवा विंचेस्टर ९४, हलकी आणि या रानाला साजेशी. तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक राहतात, म्हणजे एकाचं टोक पुढच्याच्या टोपीवर टेकलेलं. कडक टोकदार गोळी तिथे घातली तर धक्क्याने मॅगझिनमध्येच बार होऊ शकतो. बोथट गोळी किंवा त्यासाठीच बनवलेली मऊ टोकाचीच वापरायची. नवख्या माणसाला मी तरीही बोल्ट सुचवतो, कारण तिचा सुरक्षा-खटका आणि रिकामी आहे की भरलेली हे पाहणं सगळ्यात सरळ आहे. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिस तुमच्या पैशात बसते आणि दुर्बिणीला पैसे उरतात.

पण ब्रँडपेक्षा दस्त्याची लांबी बघा. हे दुकानात कुणी सांगत नाही. बहुतेक रायफलींचा दस्ता चापापासून साडेतेरा-पावणेचौदा इंच असतो, तो सहा फुटी माणसाला धरून. मीही पाच फूट पाच आहे. त्यावर नोव्हेंबरचा जाड कोट घातला की दस्ता काखेत अडकतो, डोळा दुर्बिणीपासून लांब पडतो आणि काळ्या कड्यात जनावर हरवतं. कॉम्पॅक्ट रायफलीचा दस्ता साधारण साडेबारा इंचाचा असतो, नळीही आखूड, आणि त्या लहान मुलांसाठी म्हणून मांडलेल्या असल्या तरी आपल्यासारख्यांना त्याच बरोबर बसतात. दुकानात जाताना शिकारीचा कोट घालून जा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. मान न हलवता दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर ती तुमची.

दुर्बीण कमी ताकदीची घ्या. १-४, १-६ किंवा २-७, म्हणजे जनावर एक ते चार पट, एक ते सहा पट किंवा दोन ते सात पट मोठं दाखवणारी. लोक ३-९ घेतात आणि ती नऊवर ठेवून उभे राहतात. तीस यार्डांवर अस्वल आलं की समोर नुसते काळे केस दिसतात, खांदा कुठला आणि मांडी कुठली काही कळत नाही. उभे असताना ती कायम सगळ्यात कमी ताकदीवर ठेवा. आत दाट काळा क्रॉस असलेली बघा, लॉरेलच्या सावलीत बारीक रेघा दिसत नाहीत.

सराव. रायफलीइतकेच पैसे सरावाच्या काडतुसांवर जाऊ द्या. रायफल स्वस्तातली चालेल. शिकारीला जी पेटी वापरायची तीच आणखी दोन घेऊन ठेवा आणि शंभर यार्डांवर बाकावरून नेम जुळवा, बार केंद्राच्या इंच-दीड इंच वर. बाकाचं काम तिथे संपलं. पुढे स्वस्त काडतुसं घेऊन पन्नास यार्डांवर, उभ्याने, कोट आणि हातमोजे घालून. लक्ष्य म्हणून जेवणाची कागदी ताटली, नऊ इंचांची. अस्वलाचा फुप्फुसांचा भाग साधारण तेवढाच. रायफल खाली, मग वर, नेम, बार, पाच सेकंदांत. पाचपैकी पाच ताटलीत जायला लागले की तुम्ही पन्नास यार्डांना तयार आहात. चाळीसलाच जात असतील तर तुमचं अंतर चाळीस, आणि त्यापुढचं अस्वल जाऊ द्यायचं. एका वेळी वीसपेक्षा जास्त बार नको, कानांवर नेहमी मफ हवेत, आणि मधूनमधून तुमच्या एनसीसीच्या .२२ सारख्या रायफलीवर हात फिरवत राहा. चाप दाबण्याची शिस्त तिथेच पक्की होते.

नेम कुठे धरायचा? हरणाला आपण खांद्यामागे, खालच्या तिसऱ्या भागात नेम धरतो. अस्वलाच्या छातीखाली तीन-चार इंच नुसते केस लोंबतात, त्यामुळे तोच नेम केसांतून जातो. आडव्या अस्वलाला पुढच्या पायाच्या किंचित मागे आणि अंगाच्या उंचीच्या मधोमध. पुढचा पाय पुढे टाकलेला असेल तर उत्तम. तोंड आपल्याकडे असेल तर थांबा. डोक्यावर कधीही नाही, कवटी उतरती असते आणि गोळी घसरते. पिल्लं बरोबर असतील तर आम्ही कॅम्पवर कुणीच बार टाकत नाही, आणि एकटं अस्वल दिसलं तरी क्षणभर मागे बघतो. कान मोठे, उभे आणि जवळजवळ वाटले तर ते लहान अस्वल आहे. मोठ्या नराचे कान डोक्याच्या दोन कडांना, छोटे दिसतात.

बार टाकल्यावर लगेच दुसरं काडतूस चढवा आणि अस्वल उभं असेल, नजरेत असेल तर पुन्हा बार टाका. 'पडलं' म्हणून आनंद करायला खूप वेळ असतो. पळालं तर शेवटचं दिसलेलं झाड डोक्यात पक्कं करा आणि कान द्या. पुष्कळदा काही क्षणांत एक लांब, खोल कण्हणं ऐकू येतं, ते बहुधा शेवटचं असतं. मग अर्धा तास जागचे हलू नका, आणि मागावर एकटे तर जाऊच नका. रक्त दिसलं नाही म्हणून चुकलं असं कधीही धरू नका. पानांची उलथापालथ आणि मोडलेली लॉरेल बघत जायचं. हाका चालू असताना हाकाऱ्यांच्या रांगेकडे बार टाकायचा नाही, समोर हत्ती आला तरी. हाक्याचा कॅप्टन सकाळी बार टाकायची दिशा दाखवेल, ती झाडावर खूण करून लक्षात ठेवा. डोकं, छाती, पाठ मिळून अडीचशे चौरस इंच भडक नारिंगी कायद्यानं लागतं, आणि गाडीत रायफल कायम रिकामी.

अस्वल मिळालं तर चोवीस तासांत तपासणी केंद्रावर न्यावं लागतं. तिथे वजन करतात आणि वय मोजायला एक लहानसा दात काढून घेतात. १९७० च्या दशकात इथली संख्या इतकी घसरली होती की १९७७ आणि १९७८ मध्ये हंगाम बंद ठेवावा लागला. आज अस्वलं पुन्हा भरपूर आहेत ती अशा मोजणीमुळे आणि हंगाम त्यानुसार आखल्यामुळे. तुमच्या पुण्याच्या घरच्यांना हे समजावून सांगा. आपल्याकडच्या मेळघाट-ताडोबातल्या अस्वलाला १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. इथली परिस्थिती निराळी आहे, आणि नातेवाइकांना हा फरक फोनवर एका वाक्यात कळत नाही.

कातडं तासाभरात उतरवा. चरबी आणि केसांमुळे आतली उष्णता निघत नाही आणि मांस थंडीतही आंबतं. चरबी वेगळी करा, मांस हरणासारखं सुटं होतं. शिजवताना आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस झालंच पाहिजे, थर्मामीटर घालून बघा. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा परजीवी असू शकतो आणि त्याच्या काही जाती फ्रीझरमध्येही मरत नाहीत. आपल्या पद्धतीनं कांदा-खोबऱ्याच्या वाटणात प्रेशर कुकरला लावलं तर ती काळजी उरत नाही, आणि चवीलाही माझ्या घरी तेच सगळ्यांना आवडतं.

पत्नीच्या शंकेबद्दल. हजारातले दीड-दोनशे डॉलर पोलादी कपाटाला ठेवा आणि ते भिंतीला बोल्टने पक्कं करा. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून कपाटात. काडतुसं वेगळ्या कुलुपाच्या पेटीत, दुसऱ्या खोलीत. किल्ली स्वयंपाकघरातल्या डब्यात किंवा कपड्यांखाली नको, पाच वर्षांच्या मुलीला घरातली प्रत्येक जागा माहीत असते. माझ्याकडे आकड्यांचं कुलूप आहे आणि आकडा फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे. रायफल घ्यायच्या आधी कपाट घ्या, पत्नीला दुकानात बरोबर न्या आणि कुलूप तिला निवडू द्या.